व्रणावरचा पापुद्रा: तंजावरच्या धन्वंतरी महालापासून जैव बहुवारिकांच्या प्रयोगशाळेपर्यंत

जखमेवर काय बांधावे हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. मात्र बांधलेल्या वस्तूतून काय आत जावे, काय बाहेर यावे आणि काय अडून राहावे हा प्रश्न निराळा आहे, आणि आधुनिक शल्यशास्त्राने तो मोजमापाच्या भाषेत विचारायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या दुसऱ्या प्रश्नातूनच नैसर्गिक जैव बहुवारिकांच्या पापुद्र्यांचे, म्हणजे फिल्मचे, संशोधन जन्माला आले. लहान रेणू एकामागून एक जोडून सजीव जे लांबलचक साखळीचे रेणू घडवतात, त्यांना जैव बहुवारिक म्हणतात. कातड्यातील कोलॅजेन, रेशमातील फायब्रॉइन, कोळंबीच्या कवचातील कायटिन, समुद्रशैवालातील अल्जिनेट आणि तांदळातील स्टार्च ही त्यांची परिचित उदाहरणे होत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर हे या पदार्थांच्या अगदी शेजारी वसलेले नगर आहे, आणि रोगी तपासून त्याची नोंद ठेवण्याची शिस्त तेथे एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी घालून दिली होती. व्रणावरच्या आवरणाचा इतिहास सांगताना तंजावर केंद्रस्थानी ठेवण्याचे कारण या दोन गोष्टींत आहे.

तंजावरात भोसल्यांची सत्ता १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापन केली. १७७७ साली जन्मलेल्या सरफोजीराजांना (दुसरे) तुळजाराजांनी १७८७ मध्ये, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, दत्तक घेतले. परंतु गादी अमरसिंहाकडे गेली आणि या मुलाचे शिक्षण मुख्यतः ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले खरे, पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, आणि राजाच्या हाती तंजावरचा किल्ला, ठरलेले वर्षासन व महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य चालवण्याचे काम हातून गेलेल्या या राजाने आपला पैसा आणि आयुष्याची तीन दशके ग्रंथसंग्रह, छापखाना, शाळा, अन्नछत्रे आणि वैद्यक यांवर खर्च केली. याकडे हौशी राजाचा छंद म्हणून पाहता येईल, पण ते पाहणे अपुरे आहे. छंदिष्ट मनुष्य वस्तू जमवतो. सरफोजींनी वस्तूंबरोबर पद्धतही उभी केली, आणि तिचा सर्वांत ठळक पुरावा वैद्यकाच्या क्षेत्रात सापडतो.

धन्वंतरी महाल या त्यांच्या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय या चारही पद्धतींचे जाणकार होते, तेथे औषधे तयार होत आणि रोग्यांवर उपचारही होत. तेथे अनुभवास उतरलेले पाठ तमिळ पद्यांत बांधून ठेवण्यात आले, आणि राजाच्या ‘शरभेंद्र’ या संस्कृत नावावरून त्या संग्रहाला ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ असे नाव पडले. मराठी भाषक राजाच्या दरबारात संस्कृत ग्रंथांतील आणि इतर परंपरांतील ज्ञान तमिळ पद्यात उतरवले गेले याचे कारण व्यावहारिक होते: ज्या वैद्याला ते पाठ वापरायचे होते, त्याला ते मुखोद्गत करता आले पाहिजेत आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत आले पाहिजेत. दरबाराचा हिशेब मोडीत, शास्त्रचर्चा संस्कृतात, उपचाराचे पाठ तमिळमध्ये आणि युरोपीय शल्यक्रियेच्या नोंदी इंग्रजीत, अशी ही बहुभाषिक व्यवस्था होती.

या नोंदींतील नेत्ररोग्यांचे वृत्तांत विशेष मोलाचे आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या या कागदांत मोतीबिंदू आणि डोळ्यांच्या इतर विकारांच्या रोग्यांची लक्षणे, उपचार आणि पुढे दिसलेला परिणाम टिपलेला असून डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. आजच्या रुग्णालयात रोग्याच्या खाटेशी लटकणाऱ्या केसपेपरचे काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे होत होते, आणि तेही चित्रांसह. उपचार केला एवढे लिहून ही नोंद थांबत नाही. नंतर काय दिसले हेही ती सांगते, म्हणून ती पुढच्या वैद्याच्या उपयोगी पडते. धन्वंतरी महालाच्या कार्याचे महत्त्व औषधांच्या संख्येपेक्षा या सवयीत अधिक आहे.

राजाच्या छत्रांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्रे बांधली होती, आणि त्यांतील ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजींनी उभारले. या छत्रांची व्यवस्था कशी चालते हे सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास लिहिलेल्या पत्रात सविस्तर आले आहे: जेवणाबरोबर आजारी प्रवाशांसाठी वैद्य ठेवलेले असत आणि रोगी बरा होईपर्यंत त्याची सोय केली जाई. शेकडो कोस अनवाणी चालून येणाऱ्या माणसांच्या तक्रारींत पायांचे फोड, भेगा आणि चिघळलेल्या जखमा किती असतील याची कल्पना करणे कठीण नाही.

अशा जखमेवर त्या काळी बांधायचे काय, याचे शास्त्रीय उत्तर सुश्रुतसंहितेत होते. तिच्या सूत्रस्थानात व्रणबंधनाचे १४ प्रकार दिले असून बांधण्यासाठी लागणाऱ्या पदार्थांची लांब यादी आहे: जवसाच्या तंतूंचे वस्त्र, कापूस, लोकर, रेशीम, कातडे, झाडाची अंतर्साल, भोपळ्याचे कवच, वेली, बांबूच्या कांबी, आणि ‘संतानिका’, जिचा अर्थ दुधावरची साय असा केला जातो. आजच्या रसायनशास्त्राच्या नजरेने ही यादी वाचणाऱ्याला ती जवळजवळ जैव बहुवारिकांची सूचीच वाटेल. कापूस, जवस व अंतर्साल म्हणजे सेल्युलोज, रेशीम म्हणजे फायब्रॉइन, कातडे म्हणजे कोलॅजेन, लोकर म्हणजे केराटिन, आणि साय म्हणजे दुधातील प्रथिनांचा व स्निग्धांशाचा उष्णतेने जमलेला पापुद्रा. अर्थात सुश्रुताला बहुवारिक ठाऊक होते असा दावा यावरून करणे हा इतिहासाचा गैरवापर ठरेल. सजीवांपासून मिळणाऱ्या ज्या पदार्थांना लवचीकपणा असतो आणि जे जखमेला बाधत नाहीत, ते अनुभवाने निवडले गेले, एवढेच त्यावरून म्हणता येते, आणि एवढेही थोडे नाही.

याच संहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे ६० उपक्रम, म्हणजे उपचाराचे टप्पे, सांगितले आहेत आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘पत्रदान’ आहे. जखमेवर औषधी कल्क किंवा सिद्ध तूप लावल्यावर त्यावर थेट कापड न बांधता मध्ये कोवळे, न किडलेले, मऊ पान ठेवावे, असा तो विधी असून दोषानुसार कोणती पाने घ्यावीत हेही दिले आहे. कारण म्हणून ग्रंथकार सांगतो की मध्ये पान असले म्हणजे पट्टी तूप आणि औषधाचे सत्त्व शोषून घेत नाही. शोषणारे आणि न शोषणारे असे दोन थर वेगळे करून त्यांची कामे वाटून देणे ही कल्पना येथे पूर्ण स्पष्टतेने मांडलेली आहे. व्रणावरील आवरणाला उद्देशून ‘यातून काय पार जाऊ नये’ असे विचारणारा हा संस्कृत वैद्यकातील ठळक उल्लेख आहे, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या कथेचा धागा त्यातूनच निघतो. केळ, एरंड आणि कमळ यांनी भरलेल्या कावेरीकाठच्या वैद्याला अशा पानांसाठी दूर जावे लागत नसे.

त्या काळच्या युरोपीय शल्यवैद्यांकडे याहून चांगले काही नव्हते. लिनन खरवडून केलेले लिंट, जुन्या कापडाचे विंचरलेले धागे आणि त्यांवर चोपडलेले मलम ही त्यांची सामग्री, आणि जंतूंची कल्पना तेथेही कोणाला नव्हती. मात्र सरफोजींच्याच काळात फ्रान्समध्ये एका वेगळ्या वाटेची सुरुवात झाली. १८११ मध्ये नान्सी येथे आंरी ब्राकोनो या रसायनज्ञाने अळंब्यांवर आम्ले व अल्कली यांचे प्रयोग करताना एक न विरघळणारा पदार्थ वेगळा केला. १८२३ मध्ये ओदिए याला तोच पदार्थ कीटकांच्या पंखकवचात सापडला आणि त्याने त्याला कायटिन हे नाव दिले. १८५९ मध्ये रूजे याने कायटिन तीव्र अल्कलीत उकळले तेव्हा त्याचे सौम्य आम्लात विरघळणारे रूप हाती आले, ज्याला पुढे कायटोसान म्हणू लागले. कीटकांखेरीज खेकडे आणि कोळंबी यांच्या कवचांतही हाच पदार्थ असतो. नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ सरफोजींनी १८१४-१५ मध्ये मल्लिपट्टिनमच्या किनाऱ्यावर ‘मनोरा’ हा बहुमजली बुरूज बांधला. त्याच्या पायथ्याशी कोळी बांधव जी कोळंबी आणि खेकडे जाळ्यातून काढत आले, त्यांच्या टाकून दिलेल्या कवचात व्रणाच्या आवरणाचा एक महत्त्वाचा कच्चा माल दडलेला होता.

१८३२ मध्ये सरफोजी निवर्तले आणि १८५५ मध्ये, त्यांच्यामागून गादीवर आलेल्या आणि पुत्र नसलेल्या शिवाजीराजांच्या (दुसरे) मृत्यूनंतर, कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. राजाश्रयावर चालणारी वैद्यकसंस्था त्यानंतर टिकणे शक्य नव्हते. ग्रंथसंग्रह मात्र वाचला आणि १९१८ पासून तो सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुला झाला. उरलेल्या शतकात व्रणोपचाराची दिशा युरोपात ठरली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर याने कार्बोलिक आम्लाने जखम जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १८८० मध्ये सॅम्पसन गॅमजी याने गॉजच्या दोन थरांत शोषक कापूस भरून तयार केलेली पट्टी पुढे आणली. या दोन्ही शोधांनी असंख्य जीव वाचवले. परंतु त्यांच्याबरोबर असा समजही रुजला की जखम जितकी कोरडी तितकी ती निरोगी, आणि स्राव शोषून घेऊन जखमेला खपली धरू देणारी पट्टी तीच उत्तम. ग्रामीण दवाखान्यांपासून मोठ्या रुग्णालयांपर्यंत सर्वत्र हा समज जवळजवळ शंभर वर्षे अढळ राहिला.

तो मोडणारा प्रयोग १९६२ मध्ये झाला. जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकाने पाळीव डुकराच्या पाठीवर सारख्याच खोलीच्या उथळ जखमा केल्या, त्यांपैकी काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला आणि त्वचेच्या पेशी जखमेवर किती वेगाने पसरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेला पुष्कळ अंशी जवळची असल्याने ही निवड योग्य होती. झाकलेल्या जखमा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने नव्या त्वचेने भरून आल्या. कारण असे, की उघड्या जखमेचा वरचा थर वाळून त्याची कडक खपली बनते आणि नव्या पेशींना खपलीखालच्या जिवंत, ओल्या थरापर्यंत खाली शिरून मग आडवी वाट काढावी लागते, तर ओलसर राहिलेल्या पृष्ठभागावर त्या सरळ सरकत जातात. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मेबाख यांनी माणसांवरील प्रयोगांतून हाच निष्कर्ष दिला. व्रणावरच्या आवरणाने ओल टिकवावी पण पाणी साचू देऊ नये, बाष्प सोडावे पण जंतू अडवावेत, अशी अपेक्षा आता नेमक्या शब्दांत मांडता येऊ लागली.

याच्या काही वर्षे आधीच तमिळनाडूत या कथेचा दुसरा पाया घातला गेला होता. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनच्या रेणूची तीन पदरी गुंफलेली रचना मांडली. त्यासाठी लागलेले नमुने अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून आले होते. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मूळ काम कातडी कमावण्याच्या उद्योगाला विज्ञानाचे बळ देण्याचे होते, आणि कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेनच असल्याने त्याच कातड्यातून शुद्ध कोलॅजेन काढून त्याच्या वैद्यकीय पट्ट्या बनवण्याचे संशोधनही पुढे तेथे वाढले. सुश्रुताच्या यादीतील चर्म अशा रीतीने प्रयोगशाळेत आले. भाजलेल्या रोग्यांसाठी कोलॅजेनची पातळ पटले आज भारतीय रुग्णालयांत रोजच्या वापरात आहेत.

पापुद्र्यांच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण मात्र मुंबईत घडले, आणि त्यामागे मोठी यंत्रसामग्री नव्हती. भाजलेल्या रोग्यांची गर्दी आणि परदेशी आवरणांची न परवडणारी किंमत या दोन अडचणींतून ते उभे राहिले. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून आणि निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांच्या जखमांवर वापरल्या, आणि १९८५ मध्ये त्यांचा प्राथमिक अहवाल ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बटाट्याच्या सालीचा बाहेरचा बुचासारखा थर कंदातील पाणी उडू देत नाही. तोच गुण जखमेची ओल राखण्यास उपयोगी पडला. १९९० मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात अशा जखमांचे सूक्ष्मदर्शकीय आणि जंतुशास्त्रीय परीक्षणही केलेले होते, म्हणजे घरगुती वाटणारा हा उपाय कसोटीला लावण्यात केसवानींनी कसूर ठेवली नाही.

शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. माधुरी गोरे यांनी यापुढचे पाऊल टाकले. बटाट्याच्या साली सोलणे, उकडणे आणि एकेक तुकडा पट्टीवर बसवणे हे वेळखाऊ काम होते, तर केळीचे पान रुंद, गुळगुळीत, मेणचट आणि देशभर मुबलक. पाने धुऊन, मधली जाड शीर काढून, त्यांचे तुकडे कापडी पट्टीवर खळीने चिकटवायचे, पट्टीची घडी घालून ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेत, निर्जंतुक करायची आणि लागेल तेव्हा उघडून जखमेवर अंथरायची, अशी ती कृती होती. वाफेतून निघालेले पान हिरवा तजेला गमावून तपकिरी होते, परंतु त्याचा पृष्ठभाग गुळगुळीतच राहतो आणि जखमेला चिकटत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांपैकी एकात त्वचारोपणासाठी जेथून कातडी सोलून घेतात त्या दाता-भागावर केळीच्या पानाची तुलना व्हॅसलिन गॉजशी केली होती, आणि दुसऱ्यात उथळ भाजलेल्या जखमांवर तीच तुलना बटाट्याच्या सालीशी केली होती. गॉज सुटताना जो जीवघेणा त्रास होतो तो पानाखाली फार कमी झाला. सालीच्या तुलनेत पान तितकेच गुणकारी ठरले, आणि ते स्वस्त व करायला सोपे होते. महापालिकेच्या रुग्णालयात रोज पट्टी बदलताना ओरडणाऱ्या रोग्याला याचा अर्थ काय, हे तेथे काम करणाऱ्या परिचारिकेला समजावून सांगावे लागत नाही.

पत्रदानाची कल्पना येथे नव्या रूपात परत आली, पण एका मोठ्या फरकाने. केसवानी आणि गोरे यांनी आपले आवरण दुसऱ्या आवरणाशेजारी ठेवून पाहिले, वेदना आणि भरून येण्याचे दिवस मोजले, आणि निकाल इतरांना तपासता येईल अशा रीतीने छापले. पान किंवा साल मात्र निसर्गात जशी असते तशीच वापरावी लागते. तिची जाडी आणि छिद्रे हवी तशी बदलता येत नाहीत आणि तिच्यात औषध भरून ठेवता येत नाही. त्यासाठी पदार्थ वेगळा काढून त्याचा पापुद्रा नव्याने घडवावा लागतो.

हे काम आज ज्या ठिकाणी चालते त्यांत तंजावरचे नाव आहे. शहराबाहेर तिरुमलैसमुद्रम येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या शण्मुगा संस्थेला, म्हणजेच ‘शास्त्र’ला, २००१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि तिच्या नॅनोतंत्रज्ञान व प्रगत जैवपदार्थ केंद्रात स्वामिनाथन सेतुरामन आणि उमामहेश्वरी कृष्णन यांच्या गटाने त्वचेसाठी तंतुमय पटलांवर दीर्घ काम केले आहे. २०११ मध्ये या गटाने पीएचबीव्ही या बहुवारिकाचे तंतू आणि त्यांवर वाढणाऱ्या त्वचापेशी यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे बहुवारिक काही जीवाणू अन्नसाठा म्हणून स्वतःच्या पेशीत साठवतात. २०१२ मध्ये कायटोसान आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांच्या मिश्र तंतूंचे पटल त्वचेच्या आतील थराला पर्याय म्हणून तपासले गेले. ही पटले इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे बारीक सुईतून येणाऱ्या द्रावणाला हजारो व्होल्टचा विद्युतदाब देऊन त्याचा केसाच्या शतांशाइतका बारीक तंतू खेचण्याच्या पद्धतीने, बनतात आणि त्यांची जाळीदार वीण शरीरातील कोलॅजेनच्या जाळ्याशी मिळतीजुळती असते. कायटोसान एकटे नीट कातले जात नाही, म्हणून त्यात कृत्रिम बहुवारिक मिसळावे लागले. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती नजरेआड करू नये.

तंतुपटलापेक्षा साधी आणि म्हणून अधिक प्रचलित रीत द्रावण ओतून पापुद्रा वाळवण्याची आहे. कोळंबीची कवचे धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली की त्यांतील चुनखडीचा अंश निघून जातो, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने निघतात आणि कायटिन उरते. ते तीव्र कॉस्टिकमध्ये तापवले की कायटोसान मिळते. ही भुकटी सुमारे १ टक्का अॅसिटिक आम्लात रात्रभर ढवळली की दाट, फिकट पिवळसर द्रावण होते, ज्यात ग्लिसरीन मिसळून ते सपाट काचपात्रात ओततात आणि मंद उष्णतेत वाळवतात. ग्लिसरीन कमी पडले तर वाळलेला पापुद्रा गुडघ्यासारख्या वळणाऱ्या जागी तडकतो, जास्त झाले तर चिकट आणि लेचापेचा होतो. ओतण्यापूर्वी द्रावणातील हवेचे बुडबुडे काढणे अत्यावश्यक असते, कारण वाळताना प्रत्येक बुडबुडा एक छिद्र ठेवून जातो आणि जंतू अडवण्यासाठी बनवलेल्या आवरणातच जंतूंची वाट तयार होते. शेवटी सौम्य अल्कलीने उरलेले आम्ल मारून पापुद्रा धुतला नाही, तर तो जखमेवर झोंबतो आणि स्रावात विरघळू लागतो.

असा पापुद्रा सोलून हाती आला की विंटरच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते. पाणी भरलेल्या छोट्या बाटलीच्या तोंडावर पापुद्रा ताणून बसवतात आणि ठरलेल्या तापमानाला २४ तासांत बाटलीचे वजन किती घटले ते पाहतात. त्यावरून दर चौरस मीटरमागे दिवसाला किती बाष्प निसटते ते कळते. निरोगी त्वचेतून हा आकडा सुमारे २०४ ग्रॅम, तर मांसांकुर धरलेल्या उघड्या जखमेतून सुमारे ५१३८ ग्रॅम इतका मोजला गेला आहे. जखम फार वाळू नये आणि स्राव साचून कडेची त्वचाही कुजू नये, यासाठी आवरणातून २००० ते २५०० ग्रॅमच्या आसपास बाष्प जावे असे सामान्यतः मानले जाते. बंद पॉलिथिन यात खाली पडते, साधे गॉज फार वर जाते, आणि पापुद्र्याची जाडी, ग्लिसरीनचे प्रमाण व साखळ्यांची जोडणी बदलत संशोधक या मधल्या पट्ट्यात पोहोचण्याची खटपट करतो. त्याबरोबर ताणशक्ती, पाणी शोषून फुगण्याचे प्रमाण, जंतूंची वाढ रोखण्याची क्षमता आणि त्वचेच्या पेशींवर होणारा परिणाम यांच्या चाचण्या येतात.

तंजावरच्या परिसरात या कामासाठी कच्च्या मालाची वाण नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात सरगॅसमसारखी तपकिरी शैवाले वाढतात, ज्यांतील अल्जिनेट जखमेच्या स्रावातील सोडियमशी आपल्या कॅल्शियमची अदलाबदल करून ओलसर जेल बनते. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमच्या मागांवर जाणारे रेशीम आधी उकळून त्यातील सेरिसिन हे डिंकासारखे प्रथिन काढून टाकले जाते. कोशाच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा अशा रीतीने पाण्यात जातो, आणि त्याच सेरिसिनचे पापुद्रे जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले जात आहेत. तरीही विपुलता म्हणजे गुणवत्ता नव्हे. एका मोसमातील कोळंबीचे कायटोसान दुसऱ्या मोसमातील मालाशी साखळीच्या लांबीत जुळत नाही, शैवालात जड धातू उतरू शकतात, आणि प्राणिज पदार्थांत जंतूंचे विषारी अवशेष राहिले तर पापुद्रा जखम भरण्याऐवजी चिघळवतो. एकाच प्रकारचा माल वर्षानुवर्षे पुरवणारी शुद्धीकरणाची व्यवस्था किनाऱ्याजवळ उभी राहिली नाही, तर उत्तम संशोधनही नियतकालिकांच्या पानांतच राहील.

निर्जंतुकीकरणाची अडचण याहून बिकट आहे. केळीचे पान वाफेच्या दाबात टिकते, पण जिलेटिनचा पापुद्रा तेथे वितळतो. गॅमा किरणांनी कायटोसानच्या साखळ्या तुटून पापुद्रा ठिसूळ होतो आणि एथिलीन ऑक्साइड वायू वापरला तर त्याचा अंश पूर्ण निघून गेल्याची खात्री करावी लागते. शिवाय कावेरीकाठच्या दमट हवेत हे पाणीप्रिय पदार्थ ओल धरतात, म्हणून वेष्टनाचा प्रश्नही पापुद्र्याइतकाच गंभीर ठरतो. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार जखमेचे आवरण हे उपकरण ठरत असल्याने या सर्व गोष्टींचा पुरावा परवान्यासाठी द्यावा लागतो.

त्यानंतरही माणसावरची चाचणी उरते, आणि तिच्यासाठी शीवच्या रुग्णालयाने निवडलेला दाता-भाग हीच सर्वांत न्याय्य जागा आहे. तेथील जखम शल्यचिकित्सकाने स्वतः केलेली असल्याने तिची खोली आणि आकार ठाऊक असतो, आणि एकाच रोग्याच्या मांडीवर अर्ध्या भागावर नवा पापुद्रा व अर्ध्यावर प्रचलित पट्टी बांधून, वय, आहार आणि मधुमेह यांचा फरक आड येऊ न देता, दोहोंखाली त्वचा कोणत्या दिवशी भरून आली आणि पट्टी काढताना रोग्याला किती दुखले हे नोंदवता येते.